१८२ ठोके आणि गप्पा मारणारा क्लायंट

मी फिटनेस कोच व्हायला आलेल्या मुलांना शिकवते. परवा त्यांच्यातल्या एका इंटर्नने ट्रेडमिलवर चाललेल्या क्लायंटला मध्येच थांबवलं. गृहस्थ ४७ वर्षांचे. मनगटावरचं घड्याळ हृदयाचे ठोके मिनिटाला १८२ दाखवत होतं आणि पोराला कमाल ठोक्यांचं सूत्र तोंडपाठ: २२० वजा वय, म्हणजे १७३. गृहस्थ मात्र न धापा टाकता मुलीच्या परीक्षेबद्दल सांगत होते.

थांबवलं म्हणून मी त्याला काही बोलले नाही. शंका आली की थांबवावंच. नंतर विचारलं, "१८२ खरे असते तर तुला आणखी काय दिसलं असतं?" तो म्हणाला, "धाप. तुटक बोलणं." "दिसलं?" "नाही." मग त्यालाच सुचत गेलं. घड्याळाचा पट्टा सैल असेल. मनगटावरचा सेन्सर कधीकधी ठोक्यांऐवजी पावलांची लय पकडतो. थांबल्यावर नाडी मोजली होती, ती १५ सेकंदांत ३३ भरली, म्हणजे मिनिटाला १३२. मी म्हटलं, झालं तर मग. त्यावर तो म्हणाला, "पण मॅडम, थांबल्यावर ठोके उतरलेच असतील ना? मग हा पुरावा कच्चा झाला." मला हेच हवं होतं. माझ्या तोंडून आलेली गोष्टही त्याने तपासून घेतली.

गंमत पुढेच आहे. बाकीच्या मुलांना हा किस्सा सांगितला, तर एकीने लगेच मोबाइलवर दुसरं सूत्र शोधून काढलं: २०८ वजा वयाच्या ०.७ पट, २००१ सालचं. जुनं सूत्र चुकीचं, हे बरोबर, असा तिचा निकाल. मी म्हटलं, ४७ घालून बघ. उत्तर आलं १७५. फरक दोन ठोक्यांचा! दोन्ही सूत्रं सरासरी सांगतात, आणि एकाच वयाच्या माणसांचे कमाल ठोके सहज दहा-बाराने इकडेतिकडे असतात. कुणी बीटा ब्लॉकर, म्हणजे ठोके कमी करणारं औषध, घेत असेल तर दोन्ही निरुपयोगी. २२० वजा वय हे १९७१ च्या एका लेखातून आलं. वेगवेगळ्या अभ्यासांतले आकडे एकत्र मांडून त्यांतून ओढलेली ती ढोबळ रेषा होती. तिचा पुढे नियम झाला आणि मशीनवरच्या तक्त्यांत छापला गेला.

जुना नियम टाकून नवा उचलला की मुलांना वाटतं आपण विचार केला. ही खोड मोडायलाच सगळ्यात जास्त वेळ जातो. स्क्वॉटमधला गुडघा घ्या. मुलं येतात ती "गुडघा पायाच्या बोटांपुढे जाता कामा नये" हे घोकून. मग मी त्यांना २००३ चा एक अभ्यास वाचायला देते. त्यात गुडघे फळीने अडवले तेव्हा गुडघ्यावरचा टॉर्क, म्हणजे सांध्याला वळवू पाहणारा जोर, साधारण पाचव्या हिश्श्याने कमी झाला, पण नितंबाच्या सांध्यावरचा जवळजवळ दहापट वाढला. दुसऱ्या दिवशी तीच मुलं क्लायंटला सांगत असतात, गुडघा बिनधास्त पुढे जाऊ दे! म्हणून पुन्हा कागद उघडायचा. माणसं किती होती? सात. कोण होती? वजन उचलण्याची सवय असलेले पुरुष. आता तुझ्यासमोर साठीतल्या बाई आहेत, पायऱ्या उतरताना त्यांचा गुडघा दुखतो, मांडीचं हाड लांब आहे. या कागदातून तुला नेमकं काय घेता येईल? इथे शांतता पसरते. ती मी मुद्दाम भरून काढत नाही.

आमच्याकडे एक वही आहे, ती मुलांना अजिबात आवडत नाही. कुठलाही बदल करण्याआधी तिच्यात दोन ओळी लिहायच्या: काय होईल असं वाटतं, आणि काय दिसलं तर माझा अंदाज चुकला असं मी मान्य करीन. दुसरी ओळ बहुतेकांची कोरी राहते. "खांदा बरा वाटेल" असं लिहिलं की मी विचारते, कधीपर्यंत, कुठल्या हालचालीत? दुखणं टोकाला गेल्यावर माणूस आपल्याकडे येतो. मग काहीही केलं तरी पुढच्या आठवड्यात ते थोडं उतरण्याची शक्यता असतेच, आणि श्रेय फोम रोलरला, म्हणजे स्नायूंखाली फिरवायच्या त्या नळकांड्याला, मिळतं.

याचा उलटा त्रासही आहे. प्रश्न विचारायला शिकलेलं पोर काही दिवस असह्य होतं. एकीने क्लायंटला व्यायामाआधीच्या स्ट्रेचिंगवरून असं काही सुनावलं, की बाईंनी पुढच्या वेळी दुसरा कोच मागितला. दुखापती टाळण्यात त्या स्ट्रेचिंगचा फारसा हात नसतो हे तिचं म्हणणं चूक नव्हतं. पण त्या बाईंना ती दोन मिनिटं बरी वाटत होती आणि त्यांचं काही बिघडत नव्हतं. कुठला समज खोडायचा आणि कुठला राहू द्यायचा, हाही निर्णयच आहे, आणि तो कुठल्याही प्रमाणपत्र परीक्षेच्या चार पर्यायांत मी तरी पाहिलेला नाही.

म्हणून शेवटच्या परीक्षेत मी अर्धवट भरलेला फॉर्म देते. वय, वजन, ध्येय लिहिलेलं. औषधं, झोप, जुन्या दुखापती यांचे रकाने रिकामे. प्रश्न एकच: पहिल्या आठवड्याचा प्लॅन लिहा. काही जण सेट्स, रेप्स, विश्रांती सगळं नेटकं मांडून देतात. काही जण पेन खाली ठेवून विचारतात, "मॅडम, हे रकाने रिकामे का आहेत?" त्यांना मी उरलेली माहिती असलेला दुसरा कागद देते. तो कागद आधीच छापून टेबलाच्या खणात ठेवलेला असतो.