पडद्यासमोरचा व्हायोलिनवाला
आज सुट्टी, म्हणून १९२७ चा 'द किंग ऑफ किंग्ज' हा मूकपट लावला. पाहिला म्हणण्यापेक्षा ऐकलाच. संगीत ह्यूगो रीसेनफेल्ड यांचं. मूळचे व्हिएन्नाचे व्हायोलिनवादक. १९०७ मध्ये न्यूयॉर्कला आले, मॅनहटन ऑपेरा हाउसमध्ये वाजवू लागले. पुढे रिअल्टो, रिव्होली, क्रायटेरियन या मोठ्या चित्रपटगृहांचं संगीत त्यांच्याच हाती आलं. तिथे पडद्यासमोर अख्खा ऑर्केस्ट्रा बसायचा. सिनेमाच्या तिकिटात सामान्य माणसाला अभिजात संगीत ऐकायला मिळायचं! मला हे काम फार मोठं वाटतं. मग बोलपट आले, थिएटरांतले हजारो वादक बेकार झाले. रीसेनफेल्ड मात्र हॉलिवूडमध्ये संगीत देत राहिले; १९३९ मध्ये गेले. त्यांचं नाव फारसं कुणी घेत नाही, याचं मनापासून वाईट वाटतं.