डिसेंबरात गावाला निघताना महामार्ग अडला तर कोणता घाट?

ख्रिसमसच्या सुट्टीत मुंबई-गोवा महामार्गाने (क्रमांक 66) कोकणात निघालेली गाडी अडते ती बहुतेकदा इंदापूर ते माणगाव या टप्प्यात. कारण साधं आहे. चौपदरी रस्त्यावरून सुसाट आलेला लोंढा तिथे भर बाजारातल्या दोन पदरांत शिरतो, कारण दोन्ही गावांच्या बायपासची कामं वर्षानुवर्षं रखडली. त्यात ताम्हिणी उतरून निजामपूरमार्गे आलेल्या पुण्याच्या गाड्या आणि श्रीवर्धन, दिवेआगर, हरिहरेश्वरकडे वळणारे पर्यटक याच नाक्यांवर मिळतात. पुढचा कशेडी घाट आता त्रासाचा राहिलेला नाही. 2023 च्या गणपतीआधी बोगद्याची एक बाजू सुरू झाली आणि पाऊण तासाची वळणं दहा-बारा मिनिटांवर आली. म्हणजे माणगाव वेळेत ओलांडलं, तर महामार्ग 66 सारखा दुसरा रस्ता नाही. पनवेल पहाटे साडेतीनच्या आत सोडायचं आणि सहाच्या आत माणगावच्या पलीकडे असायचं. रात्री आठ-नऊला निघणं सर्वांत वाईट, कारण सगळ्या खाजगी बसेस त्याच वेळी सुटतात आणि मध्यरात्री माणगावात एकामागोमाग उभ्या राहतात.

पनवेल ते वडखळ भागातच गर्दी असेल तर द्रुतगती मार्गाने खोपोलीला उतरून पालीमार्गे वाकणला महामार्गाला लागता येतं. पण हा वळसा फक्त सुरुवातीची गर्दी चुकवतो. माणगाव पुढेच राहतं.

माणगाव टाळायचं तर पुणे-सातारा-कोल्हापूर करून घाट उतरायचा. इथे एक हिशेब निघण्याआधीच करावा: गाव जितकं दक्षिणेला, तितका हा वळसा स्वस्त. सावंतवाडीला आंबोली घाटातून उतरलात तर महामार्गापेक्षा साधारण चाळीस-पन्नास किमीच जास्त पडतात. कणकवलीला करूळ घाटातूनही फरक तेवढाच. रत्नागिरीला मात्र दीडशेच्या आसपास किमी वाढतात. चिपळूणला कराडवरून कुंभार्ली घाट उतरलात, तर पनवेलपासून दोनशे किमीचा प्रवास पावणेचारशेच्या घरात जातो. त्यामुळे खेड, दापोली, मंडणगड, चिपळूण, गुहागरच्या लोकांनी माणगावात दोन तास गेले तरी महामार्ग सोडू नये. कुडाळ, वेंगुर्ला, सावंतवाडीच्या लोकांनी उलट कळंबोलीलाच, म्हणजे पुण्याचा रस्ता फुटतो तिथेच, निर्णय घ्यावा. वडखळ ओलांडल्यावर मन बदललं तर दोन्हीकडचा वेळ जातो.

घाट निवडताना मोबाइलवरच्या नकाशातली मिनिटं बघू नयेत, गावाचा तालुका बघावा. नकाशाला अंतर कळतं. रस्ता किती अरुंद आहे, रात्री त्यावर चिटपाखरू असतं का, हे कळत नाही. रत्नागिरी, लांजा, दक्षिण संगमेश्वरसाठी आंबा घाट. कोल्हापूर शहरात शिरायची गरज नाही, किणी टोलनाक्यानंतर वाठारला उजवीकडे वळून कोडोली-बोरपाडळेमार्गे मलकापूर गाठता येतं. राजापूर, पाचलसाठी अणुस्कुरा, पण तो दिवसाउजेडीच. वैभववाडी, तळेरे, देवगडसाठी गगनबावड्याचा करूळ घाट. कणकवली आणि मालवणसाठी राधानगरी-दाजीपूरवरून फोंडा घाट. सावंतवाडी, कुडाळ, वेंगुर्ल्यासाठी गडहिंग्लज-आजरा-आंबोली. दोडामार्गासाठी नकाशा चंदगडवरून तिलारी घाट सुचवेल, पण तिथला उतार फार तीव्र आणि वळणं आखूड. भरलेल्या गाडीने आणि नवख्या हाताने तिकडे जाऊ नये.

करूळबद्दल एक सावधगिरी. जानेवारी 2024 मध्ये रुंदीकरण आणि काँक्रिटीकरणासाठी तो बंद केला, तेव्हा अनेक महिने गाड्या भुईबावडा आणि फोंड्यावरून वळवल्या होत्या. भुईबावडा गगनबावड्यातूनच फुटतो, पण अरुंद आहे. समोरून टेम्पो आला तर कुणीतरी रिव्हर्स घ्यावाच लागतो. म्हणून निघण्याच्या आदल्या संध्याकाळी वैभववाडीतल्या ओळखीच्या माणसाला फोन करावा आणि नेमकं विचारावं: घाट दोन्ही बाजूंनी चालू आहे का, रात्री बंद करतात का. ‘रस्ता बरा आहे ना?’ असं विचारलं तर उत्तर नेहमी ‘बरा आहे’ असंच येतं.

हिवाळ्यात घाटमाथ्यावर खरा धोका दरीपेक्षा ऊसवाहतुकीचा आहे. नोव्हेंबरपासून गाळप सुरू असतं आणि कोल्हापूर-राधानगरी, निपाणी-मुदाळतिट्टा, गडहिंग्लज-आजरा या रस्त्यांवर रात्रभर ट्रॅक्टर चालतात. एकामागे दोन ट्रॉल्या, ऊस बाजूंना लोंबणारा, मागचा दिवा बंद किंवा उसाने झाकलेला. बैलगाड्यांना तर दिवा नसतोच. ताशी साठच्या वर गेलात की ट्रॉली दिसते तेव्हा उशीर झालेला असतो. ओव्हरटेक करताना पूर्ण जोड एका बसपेक्षा लांब आहे हे धरून चालावं आणि मागची ट्रॉली झोल खाते म्हणून एक मीटर जास्त अंतर ठेवावं. दाजीपूर, आंबा, आजरा पट्ट्यात गवेही रस्त्यावर येतात. एक दिसला की मागे कळप आहे असं समजून थांबावं. हॉर्न वाजवू नये, दिवे डिप करावेत.

धुकं पहाटे चार ते आठच्या दरम्यान सर्वांत दाट. आंबोलीला त्या वेळेत पोहोचत असाल तर आजऱ्यात चहाला थांबून उजाडू द्यावं. धुक्यात हाय बीम लावला की प्रकाश उलट डोळ्यांवर येतो, म्हणून लो बीमच. चालत्या गाडीत चारही इंडिकेटर लावू नयेत, मागच्याला गाडी उभी आहे असं वाटतं आणि वळताना इंडिकेटर कळत नाही. काच आतून धुरकट झाली तर कापडाने पुसत बसू नये. एसी चालू, तापमान गरम, हवा काचेवर आणि बाहेरची हवा आत घेणारं बटण, एवढं केलं की मिनिटभरात काच साफ होते.

चढावर गाडी तापते ती जास्त करून पुणे-सातारा रस्त्यावरच्या खंबाटकी घाटात. नवा बोगदा सुरू नसेल तर साताऱ्याकडे जाताना पूर्ण घाट चढावा लागतो, जुना बोगदा पुण्याकडे येणाऱ्यांसाठी आहे. सुट्टीत तिथे पहिल्या गिअरमध्ये रांग लागते आणि रेडिएटरला वारा मिळत नाही. म्हणून कूलंटची पातळी घरीच, इंजिन थंड असताना बघावी. काटा वर सरकला तर एसी बंद, हीटर पूर्ण आणि गाडी बाजूला. झाकण अर्धा तास उघडायचं नाही, दाबाखालचं उकळतं पाणी तोंडावर येतं.

उतारावर उलट दुखणं, ब्रेक. जो गिअर चढायला लागला असता, तोच उतरायला: करूळ, आंबोलीत दुसरा, फार तर तिसरा. न्यूट्रल कधीच नाही. ऑटोमॅटिकमध्ये एल (लो गिअर) किंवा मॅन्युअल मोड. जळका वास आला किंवा पेडल नरम लागलं तर थांबून वीस मिनिटं डिस्क निवू द्यावी, पाणी ओतू नये, तापलेली डिस्क वाकडी होते. अरुंद जागी चढणाऱ्याला आधी वाट द्यायची, हा नियमच आहे, कारण चढावर थांबलेली भरलेली गाडी पुन्हा उचलणं कठीण.

सीएनजीवाल्यांनी पेट्रोलची टाकी किमान निम्मी ठेवावी. सुट्टीत पंपावर तासभर रांग लागते, चढावर गॅसवर ताकद कमी पडते आणि घाटमाथ्यावर पंप विरळ आहेत. फास्टॅगमध्ये खेड शिवापूर, आनेवाडी, तासवडे, किणी या चारही नाक्यांचे पैसे आधीच भरावेत. घाटात रेंज जाते, म्हणून नकाशा उतरवून घ्यावा. राष्ट्रीय महामार्गावर मदतीला 1033, इतरत्र 112, रुग्णवाहिकेला 108.

टायरची हवा गाडी थंड असताना, ड्रायव्हरच्या दाराजवळच्या पट्टीवरच्या ‘पूर्ण भार’ रकान्याप्रमाणे भरावी. परतताना ती पुन्हा बघावी लागते, कारण तेव्हा डिकीत तांदळाची पोती आणि नारळ असतात आणि त्या वजनानिशी घाट चढायचा असतो.