‘कदाचित’

मंगळवार, रात्र

राजघराण्यात सून येणार म्हटलं की तिच्या कौमार्याची चौकशी व्हायची. पण पुरावा कसला मागणार? योनिपटल प्रत्येकीचं निराळं असतं, पहिल्या संबंधात रक्त येतंच असं नाही. या तपासणीला वैद्यकीय आधार नाही, असं जागतिक आरोग्य संघटनेनं २०१८ मध्ये स्पष्ट सांगितलं. मग उरतो कुणाचा तरी शब्द. १९८१ मध्ये डायनाच्या मामानं वृत्तपत्रांना तशी ग्वाही दिली होती. साखरपुड्याच्या वेळी ती १९ची, चार्ल्स ३२चा. त्याच्यासाठी अशी ग्वाही कुणाला द्यावी लागली नाही.

अ‍ॅरागॉनच्या कॅथरीनचं, या स्पॅनिश राजकन्येचं, तर अख्खं आयुष्य अशा शब्दांवर टांगलेलं राहिलं. १४ नोव्हेंबर १५०१ला तिचं इंग्लंडचा युवराज आर्थरशी लग्न लागलं, दोघंही १५ वर्षांची. २ एप्रिल १५०२ला आर्थर वारला. आता नवरा म्हणून धाकटा दीर हेन्री, पुढचा आठवा हेन्री. चर्चचा नियम असा, की शरीरसंबंध झाला असेल तर सोयरिकीचं नातं जुळतं आणि दिराशी लग्न निषिद्ध ठरतं. संबंध झालाच नसेल तर ते नातं नाही, पण लग्न जाहीरपणे लागलं होतं म्हणून दुसरी, हलकी आडकाठी राहते. तिची देखरेख करणारी दोन्या एल्विरा ठामपणे सांगत होती, मुलगी अक्षत आहे. तरी इंग्रज पुढे खुसपट काढतील म्हणून तिच्या बापानं, फर्डिनांडनं, पोपकडे मोठीच, संबंध झाला असला तरी चालेल अशी सूट मागितली. २६ डिसेंबर १५०३ तारखेच्या पोपच्या आज्ञापत्रात लॅटिन शब्द आला ‘फोर्सान’. संबंध ‘कदाचित’ झाला असेल! हेन्रीशी लग्न झालं, पण पुढे त्यालाच ते रद्द करून हवं होतं. तेव्हा स्पेनमधून १५२८ मध्ये पोपचं त्याच तारखेचं दुसरं पत्र निघालं, त्यात ‘कदाचित’सुद्धा नव्हतं, संबंध झालाच असं धरलं होतं. सावधगिरीसाठी मागितलेली सूटच तिच्या शब्दाला छेद देऊन गेली, याचं फार वाईट वाटतं.

तिनं पोपच्या दूताला सांगितलं, आर्थरबरोबर जेमतेम सात रात्री काढल्या, आणि होते तशीच राहिले. १५२९च्या सुनावणीत दरबाऱ्यांनी २८ वर्षांपूर्वीची आठवण काढली: सकाळी आर्थर प्यायला मागत म्हणाला होता, रात्री मी स्पेनमध्ये होतो. पंधरा वर्षांच्या मुलाची ही फुशारकी साक्ष म्हणून नोंदवली गेली. तिनं भर न्यायालयात गुडघे टेकून हेन्रीलाच विचारलं, मी कुमारी होते की नाही हे तुम्हीच सांगा. तो गप्प राहिला.

(याच हेन्रीच्या काळात १५४२ला कायदा झाला: पूर्वायुष्य लपवून राजाशी लग्न करणारी स्त्री राजद्रोही. निमित्त कॅथरीन हॉवर्डचं, तिचं डोकं त्याच फेब्रुवारीत उडवलं.)

१५३३ला पहिल्या कॅथरीनचं लग्न रद्द ठरवलं. ७ जानेवारी १५३६ला ती किंबोल्टनला वारली. पीटरबरोला तिला पुरलं, ते राणी म्हणून नव्हे, आर्थरची विधवा म्हणून.