दिगूची पिसं : २४वा दिवस ते ६३वा दिवस

डिसेंबरात झाबुआहून कडकनाथची बारा पिल्लं आणली. अकरा वेळेवर पिसांनी भरली, ही नोंद बाराव्याची. खांदे उघडे, पाठ उघडी, म्हणून भाच्याने नाव ठेवलं दिगंबर. आई म्हणाली, दत्ताचं नाव कोंबडीला लावायचं नाही. मग दिगू.

२४वा दिवस. वजन ९६ ग्रॅम, बाकीची सव्वाशेच्या आसपास. दिगूचे पंख व्यवस्थित, पाठीवर मात्र नुसती काळी कातडी. पहिली शंका आली ती उशिरा पिसं येणाऱ्या वाणाची. काही कोंबड्यांत तो गुण आनुवंशिक असतो, पण त्यात पंखांचीच पिसं मागे राहतात. दिगूचे पंख तर सगळ्यांच्या बरोबरीने आले होते. शंका खोडली.

मग प्रथिनांच्या मागे लागलो. पीस म्हणजे जवळपास सगळं प्रथिनच, त्यातही गंधक असलेली अमिनो आम्लं त्याला जास्त लागतात. स्टार्टर (लहान पिल्लांचं तयार खाद्य) चालूच होतं, वर रोज अर्धं उकडलेलं अंडं कुस्करून. माळव्यात सोयाबीनला तोटा नाही, तेही उकडून दिलं. (कच्चं देऊ नका, त्यातल्या एका घटकामुळे प्रथिनं पचत नाहीत.) आई तिकडून गुपचूप शेव-पोहे टाकायची. शेवेतलं मीठ पिल्लांना सोसत नाही यावर आमचं दोनदा वाजलं. अकरा दिवसांत वजन वाढलं, पाठ होती तशीच.

३५वा दिवस. वजन १४८. आईचं पोथी वाचायचं भिंग घेऊन पाठ बघितली आणि स्वतःचीच लाज वाटली. पिसं येत नव्हती असं नव्हतंच. प्रत्येक छिद्रात काडी होती, वरून कुरतडलेली, आणि चार-पाच टोकांवर वाळलेलं रक्त. पांढऱ्या जातीचं पिल्लू असतं तर पहिल्याच दिवशी दिसलं असतं. कडकनाथच्या काळ्या कातडीवर काही कळत नाही. पंखांखाली आणि शेपटीखाली उवा बघितल्या, नव्हत्या. मग संध्याकाळी तासभर खोक्याशी हलत नाही असा बसलो. दोन पिल्लं पाळीपाळीने येऊन नव्या पिसाचा कोंब उपटत होती आणि चक्क खात होती. वाढत्या कोंबात रक्त असतं, एकदा चटक लागली की सुटत नाही.

त्यांना तरी काय बोलणार? फ्रिजच्या एकाच खोक्यात बारा जण, वर १०० वॅटचा पांढरा बल्ब रात्रंदिवस. पहिल्या आठवड्यात ३५ अंश आणि पुढे दर आठवड्याला साधारण ३ अंश कमी, हे पाठ असूनही जानेवारीच्या थंडीला घाबरून मी बल्ब वर उचललाच नव्हता. पाचव्या आठवड्यात २३ पुरे, माझ्याकडे ३३ होतं. पिल्लं बल्बपासून लांब कोपऱ्यात बसायची ती का, हे तेव्हा उमगलं. उकाडा, दाटी, अंधार म्हणून नाही आणि दिवसभर करायला काही नाही.

त्याच रात्री सगळी गच्चीवरच्या खोलीत हलवली. लाल बल्ब, कारण लाल उजेडात रक्त उठून दिसत नाही, तोही उंच. सुतळीने पालकाच्या जुड्या टांगल्या, म्हणजे चोचींना उद्योग. दिगूला त्याच खोलीत जाळीपलीकडे ठेवलं. नजरेआड केलं की परत मिसळताना परका ठरतो. पाठीला हळदीचा लेप. लाल औषध मुद्दाम टाळलं, लाल दिसलं की ही हमखास टोचतात. आठवडाभर स्वारी हळदीला बसवलेल्या नवरदेवासारखी पिवळी.

४४वा दिवस. कोंब दिसले! काळेनिळे, रिफिलच्या तुकड्यासारखे, आणि एकदोनांची टोकं फुटून ब्रशासारखी झालेली. खाली पांढरा कोंडा पडतो तो आवरणाचा, घाबरू नका. मी मात्र नको ते केलं, एक आवरण नखाने सोलायला गेलो आणि कोंब तुटला. एवढ्याशा काडीतून इतकं रक्त! मैदा लावून कापसाने पाच मिनिटं दाबून धरलं तेव्हा थांबलं.

५२वा दिवस. अंधार पडल्यावर दिगूला बाकीच्यांमध्ये दांडीवर बसवलं. सकाळी जुन्या दोघांपैकी एकीने चोच मारलीच. या वेळी दिगूला नाही, तिलाच तीन दिवस जाळीपलीकडे टाकलं. परत आली ती बरीच नरमलेली.

६३वा दिवस. वजन ४०५, बाकीची साडेचारशे ते पाचशे. पाठ झाकली, खांद्यांवर हिरवट झाक आली आहे. तुरा इतरांपेक्षा मोठा आहे, म्हणजे बहुधा कोंबडा. रामबागेतल्या शेजाऱ्यांना पहाटेचं काय सांगायचं ते ठरवावं लागेल. शेपटीच्या मुळाशी दोन बोटं जागा अजून मोकळी आहे. तिथे भिंगातून सात कोंब मोजले, सगळे अख्खे.