राजहंसगडाच्या तटावरून येळ्ळूर शिवाराचा नकाशा: जाणाऱ्यांसाठी थोडी माहिती

सुगी संपत आली की बेळगावजवळच्या राजहंसगडावर गर्दी कमी असते आणि उत्तरेला येळ्ळूर, वडगाव, शहापूरपर्यंतचं भाताचं शिवार उघडं पडतं. भूगोल शिकणाऱ्या काही पोरांना घेऊन आम्ही गेलो ते या शिवाराचा नकाशा करायला. साधनं म्हणजे फोन, एक साधा कॅमेरा आणि वही. पद्धत मात्र अंटार्क्टिकाची आणि ग्रीनलँडची. जिथे माणूस पोचत नव्हता तिथले नकाशे विमानातून तिरपे फोटो काढून तयार झाले, आणि गडाचा तट म्हणजे तिरप्या फोटोसाठी आयती मिळालेली उंची.

पोचणं सोपं आहे. बेळगावच्या मध्यवर्ती बसस्थानकावरून येळ्ळूरची बस मिळते. दुचाकी असेल तर रस्ता गडाच्या अगदी जवळपर्यंत जातो. पाणी मात्र घरून न्या. सकाळी धुकं असतं, ते विरल्यावरच कामाला लागा. नोव्हेंबर-डिसेंबरात सूर्य दक्षिणेकडून कलता असतो, म्हणजे उत्तरेकडे तोंड केलं की उजेड तुमच्या पाठीशी येतो.

हे दिवस निवडण्याचं खरं कारण वेगळं आहे. फोटोंवरून नकाशा करायचा तर एकच खूण दोन-तीन फोटोंत ओळखता आली पाहिजे. अंटार्क्टिकाच्या पठारावर ताज्या बर्फाचे फोटो इथेच अडतात. सगळं पांढरं, धरायला खूणच नाही. तिथे वाऱ्याने कोरलेले बर्फाचे उंचवटे, ज्यांना सास्त्रुगी म्हणतात, कलत्या उन्हात सावली टाकतात तेव्हा कुठे काही हाताला लागतं. उभ्या भाताचंही तसंच. हिरवा सपाट पट्टा, त्यात वाऱ्यावर हलणारा. सॉफ्टवेअरला त्यात काही जुळवता येत नाही. कापणी झाली की बांध, गंज्या, पायवाटा, विहिरी सगळं दिसतं. मसूर-वाटाणा वर येऊन रान पुन्हा हिरवं व्हायच्या आत जा.

आता पद्धत. गेल्या शतकात ध्रुवप्रदेशावर ट्रायमेट्रोगॉन नावाची रचना फार वापरली गेली: विमानात तीन कॅमेरे, एक सरळ खाली, दोन दोन्ही बाजूंना तिरपे, म्हणजे एका क्षितिजापासून दुसऱ्या क्षितिजापर्यंतचा पट्टा एकदम टिपला जातो. तिरप्या फोटोत क्षितिज दिसत असेल तर कॅमेरा किती कलला होता ते त्यावरूनच काढता येतं. म्हणून तटावरून फोटो काढताना क्षितिज कापू नका. कॅनडाने 1920च्या दशकात उत्तरेकडचा सपाट, तळ्यांनी भरलेला मुलूख अशाच तिरप्या फोटोंवर जाळी आखून नकाशावर आणला. जमीन सपाट असेल तर हे गणित सरळ आहे. आपलं शिवारही बरंचसं सपाट आहे.

एका जागी उभं राहून गोल फिरत फोटो काढू नका. त्याने फक्त लांबलचक चित्र मिळतं, खोली मिळत नाही. तटाच्या कडेने चालत जा, दर काही पावलांवर थांबा, आणि प्रत्येक फोटोत आधीच्या फोटोचा निम्म्याहून जास्त भाग पुन्हा येऊ द्या. विमानातून सरळ खाली काढायच्या फोटोंतही 60 टक्के भाग पुढच्या फोटोत यावा असा जुना रिवाज आहे. झूम वापरू नका, पोर्ट्रेट मोड तर नकोच. पडक्या भागाच्या टोकावर जाऊ नका. शेवाळ वाळलेलं दिसलं तरी दगड हलतो.

फोटो कितीही चांगले आले तरी तो नकाशा नव्हे, आणि हीच गोष्ट मला पोरांच्या मनावर ठसवायची होती. 1938-39 साली जर्मनांनी दोन डॉर्नियर वाल उडत्या नौका जहाजावरून झेपावून अंटार्क्टिकाचे हजारो फोटो काढले. आपलं मैत्री केंद्र 1989पासून ज्या शिर्माकर भागात आहे, तो भाग याच मोहिमेत विमानातून दिसला आणि वैमानिकाच्या नावाने ओळखला जाऊ लागला. पण जमिनीवर ठिकाणं मोजलेली नव्हती, त्यामुळे त्यांचे नकाशे जागेवर नीट बसेनात. अमेरिकन नौदलाने 1946-47च्या ऑपरेशन हायजंपमध्ये सुमारे 70,000 फोटो काढले. तेच दुखणं. पुढच्याच मोसमात ऑपरेशन विंडमिल काढून हेलिकॉप्टरने माणसं उतरवली आणि फोटोत दिसणाऱ्या जागांची स्थानं सूर्यावरून मोजून घ्यावी लागली.

म्हणून गडावरचं काम झाल्यावर आम्ही खाली शिवारात उतरलो. देवळाचा कोपरा, विहिरीचा कठडा, बांधांचा चौक, मोरीचं टोक अशा फोटोत ठळक दिसणाऱ्या जागी उभं राहून फोनच्या जीपीएसने स्थान लिहून घेतलं. फोन काही मीटरने चुकतो, म्हणून एकाच जागी थोड्या थोड्या वेळाने बरेच आकडे घ्या आणि सरासरी काढा. कुणाच्या रानात शिरण्याआधी विचारा. एक मामा पेंढा बांधत होते. त्यांनी हटकलं, "काय करूलाय ओ इथं?" सांगितल्यावर ते उठून मोरीपाशी आले आणि भिंतीवर वीतभर उंचीवर सुकलेली चिखलाची रेघ बोटाने दाखवली. "इथपर्यंत पाणी आलतं. गडावरनं हे दिसतंय काय तुमास्नी?" दिसत नव्हतं. बळ्ळारी नाल्याचं पाणी पावसाळ्यात कुठल्या बांधापर्यंत चढतं, कुठे दिवसेंदिवस थांबतं, हे त्यांनी चालत चालत दाखवलं. वहीतली सगळ्यात मोलाची पानं तीच आहेत.

ड्रोन असेल तर आधी डिजिटल स्काय या सरकारी नकाशात (ड्रोन कुठे उडवता येतो ते तो रंगांनी दाखवतो) त्या जागेचा रंग पाहा, कारण एका बाजूला सांबऱ्याचा विमानतळ आणि दुसरीकडे लष्कराचा कॅम्प. हिरव्या भागातही 120 मीटरची मर्यादा आहे. शहराच्या अंगाला तर उडवूच नका.

घरी आल्यावर फोटो व्हॉट्सअॅपवरून एकमेकांना पाठवू नका. आकार घटतो आणि फोटोतली वेळ-स्थानाची नोंद पुसली जाते. केबलने उतरवून घ्या. नकाशे करायचं क्यूजीआयएस आणि बरेच फोटो जुळवून एकत्र करायचं वेबओडीएम ही दोन्ही सॉफ्टवेअर फुकट आहेत. एकाच फोटोवर काम करायचं तर क्यूजीआयएसच्या जिओरेफरन्सरमध्ये, म्हणजे फोटो खऱ्या जागेवर बसवायच्या साधनात, प्रोजेक्टिव्ह पर्याय निवडा. त्याला शिवारात मोजलेल्या किमान चार खुणा लागतात. आठ-दहा दिल्यात तर कुठली चुकली ते कळतं. जवळची रानं सुरेख बसतात, क्षितिजाकडची ताणली जातात. तो भाग नकाशातून सरळ कापून टाका.

एवढा खटाटोप कशाला, असं पोरांनी विचारलं, सॅटेलाइट आहे की. त्यांना ग्रीनलँडचं सांगितलं. 1930च्या दशकात डॅनिश लोकांनी नकाशासाठी विमानातून तिथल्या किनाऱ्याचे तिरपे फोटो काढले. ते कित्येक दशकं पडून राहिले. संशोधकांना ते सापडले, आणि 2012 साली आग्नेय ग्रीनलँडच्या 132 हिमनद्यांचा 80 वर्षांचा हिशोब त्यातून मांडता आला. जमिनीवर संपणाऱ्या हिमनद्या 1930च्या दशकात जास्त वेगाने मागे हटल्या होत्या आणि समुद्रात संपणाऱ्या अलीकडे, हे त्यातूनच कळलं. सॅटेलाइटच्या आधीचा काळ आणखी कुठून मिळणार होता?

येळ्ळूरच्या शिवाराकडे मी त्याच नजरेने पाहतो. हलगा-मच्छे बायपास, वडगावच्या अंगाने सरकत येणारे प्लॉट, बुजत चाललेले ओहोळ, हे सगळं बासमती पिकवणाऱ्या जमिनीवर चाललं आहे. कुठला बांध कधी मोडला हे सांगता येणारी माणसं आज हयात आहेत. तुमच्या घरी गडावरून काढलेले जुने फोटो असतील, लग्नानंतरच्या जोडप्याचे, शाळेच्या सहलीचे, तर मागे दिसणारं शिवार नीट पाहा. फोटो स्कॅन करा आणि साल-महिना जिवंत माणसाला विचारून मागे पेन्सिलीने लिहा.

तुम्ही जाल तेव्हा प्रत्येक फोटोबरोबर तारीख, वेळ, कुठल्या बुरुजावर उभे होता, तोंड कुठल्या दिशेला होतं आणि फोन कुठला, एवढं वहीत लिहा. बुरुजाचा एखादा न हलणारा दगड ठरवून ठेवा आणि त्याचाही फोटो घ्या, म्हणजे पुढच्या सुगीला येणारा त्याच दगडावर उभा राहील.