डिअरफिल्डचे कागद आणि १७०३ चा घोळ

आजचा दिवस मॅसॅच्युसेट्समधल्या डिअरफिल्ड या छोट्या गावाच्या जुन्या कागदांत गेला. गावचे इतिहासकार जॉर्ज शेल्डन यांनी १८७० मध्ये पुढाकार घेऊन गावचा इतिहास जपणारी संस्था उभारली, म्हणून गावकऱ्यांची पत्रं, जमाखर्चाच्या वह्या टिकल्या. केवढं मोठं काम!

नोंदी करताना हमखास चुकते ती तारीख. फ्रेंच आणि मूळनिवासी योद्ध्यांनी गावावर हल्ला केला तो २९ फेब्रुवारी १७०४ ला. पण १७५२ पर्यंत इंग्रजी वसाहतींत नवं वर्ष २५ मार्चला लागायचं. त्यामुळे त्या काळच्या कागदावर ‘१७०३’ किंवा ‘१७०३/४’ दिसतं. (१७०३ मध्ये २९ फेब्रुवारी कसा, ही शंका इथेच मिटते.) सूचीत कागदावरचा आकडा जसाच्या तसा उतरवा, आजचं वर्ष शेजारी वेगळं लिहा. परस्पर दुरुस्ती नको.

शाईचंही बघा. मायफळ (ओकच्या झाडावरच्या गाठी), हिराकस (लोहाचा क्षार) आणि डिंकाची त्या काळची शाई काळाची तपकिरी होते आणि जाड फराट्यांखालचा कागद खाते. अक्षराभोवती तपकिरी वलय दिसलं की ते पान दुमडू नका, दोन्ही हातांनी खालून आधार देऊन उचला. पाणी अजिबात लावू नका. ओलाव्याबरोबर लोह पसरतं आणि कोरा भागही ठिसूळ होतो. फाटलं तरी चिकटपट्टी नाही. तिचा गोंद पिवळा पडून कागदात मुरतो, मग निघता निघत नाही.