यादीतलं नाव

आज मंडईत पास्टर आंटी भेटल्या. मुलीकडे आल्यात म्हणे. मी मेथीची जुडी बघत होते तर मागून कुणीतरी हात धरला, "प्रेज द लॉर्ड बेटा", आणि माझ्या तोंडून आपोआप "प्रेज द लॉर्ड आंटी" निघून गेलं, दहा वर्षांनी. लंगडत होत्या. जाताना म्हणाल्या, "दर शुक्रवारी तुझं नाव घेतो हां आम्ही अजून."

तेव्हापासून डोक्यात तेच चाललंय. अजून.

म्हणजे दर शुक्रवारी आजारी माणसं, नोकरी नसलेली पोरं, कुणाच्या नवऱ्याची दारू, आणि मी. कशासाठी ते मला माहितीय ना. २०१४ ला तीन दिवस उपाशी ठेवून, डोक्यावर हात ठेवून जे माझ्यातून काढायचं होतं तेच, मला मुली आवडतात ते. आदल्याच वर्षी अमेरिकेतली एक्झोडस इंटरनॅशनल, हेच काम करणारी एवढी मोठी संस्था, बंद झाली होती, तिच्या प्रमुखाने ॲलन चेंबर्सने माफी मागितली होती, आणि मी इथे नगरात गुडघ्यावर बसून प्रभू मला बदल म्हणत होते. २०२२ ला आपल्याकडच्या नॅशनल मेडिकल कमिशनने डॉक्टरांनी असले उपचार करणं गैरवर्तन ठरवलं, तेव्हा वाचून खूप रडले. पण शुक्रवारच्या प्रार्थनेला कोण अडवणार? पप्पाही होते त्या खोलीत. ते आज नको.

हिला सांगितलं तर भडकली, म्हणाली सांग त्यांना नाव काढा म्हणून. मेसेज टाईप केला, पाठवला नाही. राग आहेच, पण ते नाव काढलं तर जिथे मी इतकी वर्षं पेटी वाजवली तिथे माझं काहीच उरत नाही, आणि हे वाटतं याचंच जास्त वाईट वाटतंय.

संडे स्कूलमध्ये ना. वा. टिळकांची गोष्ट किती अभिमानाने सांगायचे. १८९५ ला बाप्तिस्मा घेतला, घरचे तुटले, लक्ष्मीबाई कित्येक वर्षं वेगळ्या राहिल्या, तरी मनाला पटलं ते सोडलं नाही. मी ते मनापासून ऐकलं होतं. तिथूनच शिकले मी.

घेऊ देत नाव. आंटींना दुसरं काही येत नाही माझ्यासाठी करायला.

मघाचा मेसेज खोडला. गुडघा डॉक्टरला दाखवलात का, एवढंच विचारलं.